यावलचा कारागीर आणि त्याचा वारा

यावलचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य सहसा निंबाळकरांच्या किल्ल्यापासून आरंभ करतो, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. नदीकाठच्या त्या बुरुजांनी शिंद्यांची सत्ता पाहिली, निंबाळकरांची जहागीर पाहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परगणा इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावर नव्या अंमलाचे शिरस्तेही पाहिले. परंतु सनदा आणि तह यांच्या या हकिकतीत, ज्या कसब्यातून महसूल उभा राहत होता त्या कसब्यातील माणसे दिवसभर हातांनी काय करीत होती, हे बहुधा सांगावयाचे राहूनच जाते. १८८० साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरात यावलविषयी जो त्रोटक मजकूर आहे, त्यात मात्र या प्रश्नाचे थोडेसे उत्तर सापडते: हे गाव एके काळी जाडसर देशी कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते, त्यांपैकी कागद त्या वेळीही थोडाफार होत असे आणि नीळ मात्र पार नाहीशी झाली होती.

कागद आणि नीळ यांच्या जोडीला गावोगावी असणारा लोहार धरला, म्हणजे यावलच्या जुन्या कारागिरीचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते, ज्याकडे आमच्या स्थानिक इतिहासलेखकांचे लक्ष गेलेले नाही. निळीला हवा लागे. कागदाला जुन्या, टाकून दिलेल्या वस्तू लागत. लोहाराला या दोन्ही गोष्टी लागत. आणि यांतील बहुतेक काम घराच्या ओट्यावर किंवा अंगणात, घरच्या माणसांच्या हातभाराने होत असे. आज जुन्या रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर आणि मालमोटारीच्या ब्रेकची जुनी हवाटाकी जोडून जो कोणी आपल्या घरातल्या छोट्या कारखान्यासाठी आवाज न करणारे हवेचे यंत्र तयार करतो, तो या परंपरेचा न्याय्य वारस आहे, असे माझे मत आहे; आणि ते मत सिद्ध करण्यासाठी हवेची ही हकिकत आरंभापासून सांगणे प्राप्त आहे.

प्रथम नीळ. निळीच्या झाडाची हिरवी फांदी हातात धरली तर निळ्या रंगाचा मागमूसही दिसत नाही. कापलेला पाला वरच्या हौदात पाण्याखाली दाबून ठेवीत. दहा-बारा तासांत तो आंबला की पिवळसर हिरवे पाणी खालच्या हौदात सोडीत. आणि मग माणसे त्या हौदात उतरून लाकडी वल्ह्यांनी ते पाणी दोन-तीन तास एकसारखे झोडपीत. या झोडपण्याचे प्रयोजन पाण्यात हवा मिसळणे हे होते. हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावाचून त्या द्रवातील रंग निळा होतच नाही, हे रसायनशास्त्राने पुढे सांगितले. हौदात उभ्या असलेल्या माणसाला ते फेसाचा रंग हिरव्याकडून निळ्याकडे वळताना पाहून आधीच ठाऊक होते. तळाशी बसलेला गाळ उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडीत, आणि त्या वड्या व्यापाऱ्यांच्या गोण्यांत जात. बिहारातील निळीच्या कारखान्यांत पुढे यंत्राने हवा सोडण्याचे प्रयोग झाले, पण तोवर यावलची नीळ संपलेली होती. जर्मनीतील कारखान्याची कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली आणि तिने हिंदुस्थानची नीळ बुडविली, हे सर्वसाधारणपणे खरे. परंतु यावलच्या बाबतीत तो दोष जर्मनांच्या माथी मारता येत नाही, कारण १८८० च्या ग्रंथातच तिचा मृत्युलेख लिहिलेला आहे.

कागदाविषयी थोडक्यात सांगतो. खानदेशात यावलप्रमाणेच एरंडोलचा कागदही नावाजलेला होता. जुनी गोणपाटे, ताग, दोर आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून, ढेकीखाली कुटून, धुऊन त्यांचा लगदा करावा. तो हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर त्याचा पातळ थर उचलावा. तो भिंतीवर वाळवून, खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावा. अशी ती रीत. ज्या दप्तरांच्या आधाराने आपण पेशवाईचा इतिहास लिहितो ती दप्तरे अशाच हातकागदावर लिहिलेली आहेत. झिजलेल्या गोणपाटातून राज्याचा कारभार चालविणारा कागद निर्माण करणाऱ्या या कागदी मंडळींना टाकाऊ वस्तूचे मोल कोणी निराळे शिकवावयास नको होते.

आता लोहार, आणि त्याचा भाता. बलुतेदारीच्या व्यवस्थेत लोहाराचे स्थान सर्वांस परिचित आहे. खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा आणि वर्षभर नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, कुऱ्हाडी नीट करून द्याव्यात, असा तो शिरस्ता. त्याच्या ऐरणीवर आणि घणावर पुष्कळांनी लिहिले आहे. ज्याच्या श्वासावर ती सारी भट्टी जगते त्या भात्यावर मात्र क्वचितच कोणी चार ओळी खर्च केल्या असतील. जुन्या पद्धतीचा भाता म्हणजे बकऱ्याच्या अखंड कातड्याच्या दोन पिशव्या. प्रत्येकीचे एक तोंड मातीच्या नळीतून भट्टीच्या बुडाशी गेलेले. दुसऱ्या, रुंद तोंडाला दोन बांबूच्या पट्ट्या शिवलेल्या. पिशवी वर उचलताना पंजा उघडून पट्ट्या फाकवावयाच्या, म्हणजे हवा आत शिरते. खाली दाबताना पंजा मिटावयाचा, म्हणजे ती नळीवाटे निखाऱ्यात जाते. झडप म्हणून निराळा भाग तेथे नसतो. माणसाचा हातच झडपेचे काम करतो. एक पिशवी दाबली जात असता दुसरी उचलली जाते, आणि त्यामुळे निखाऱ्याला मिळणारा वारा खंडित होत नाही. पुढे फळ्यांचा मोठा भाता आला. त्याच्या मधल्या फळीवर कातड्याची झडप असे, खालचा कप्पा हवा ओढून वरच्या कप्प्यात ढकली आणि वरच्या फळीवर ठेवलेले वजन ती हवा संथपणे भट्टीकडे लोटीत राही. हवा ओढणारा एक भाग, परतू न देणारी झडप, आणि साठवून एकसारखी पुरविणारी जागा: आजच्या कॉम्प्रेसरची तिन्ही अंगे त्या फळ्यांच्या भात्यात होती, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे.

धाब्याच्या घरांच्या ओळीत लोहाराचे घर असे, पुढच्या बाजूस भट्टी आणि मागे चूल. भात्याची दोरी ओढण्यासाठी पगारी मनुष्य ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. त्याची कारभारीण किंवा पोर ते काम करी. लोखंड नवे मिळेल तेव्हा नवे, एरवी मोडक्या गाडीच्या धावेचे, तुटक्या फाळाचे. पुढे मोटारी आल्यावर त्यांच्या कमानीचे पाटे तापवून विळे होऊ लागले, आणि हे पाटे विळ्याला उत्तम हे शेतकऱ्यालाही पटले. घणाचा आवाज मोठा खरा, पण तो घाव घालण्यापुरता. वाऱ्याचा आवाज मात्र इतका सौम्य की दोरी ओढता ओढता मांडीवरचे मूल झोपावे. सोनाराची फुंकणी त्याहूनही निःशब्द. नाकाने श्वास घेत, गालांत हवा साठवून, दिव्याच्या ज्योतीची बारीक धार एका डागावर अखंड रोखून धरणे ही विद्या लहानपणापासून शिकावी लागे. सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावच्या मुलखात ती विद्या जाणणारे हात पुष्कळ होते.

घरात होणारे काम घराबाहेर पडले ते वाफेमुळे. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि अल्पावधीतच भुसावळ हे लोहमार्गाचे मोठे ठाणे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला जो भाव आणला होता त्याने खानदेशाची काळी जमीन मुंबईच्या बाजाराला घट्ट बांधली गेली. आणि घरोघरी हातरेच्यावर सरकी काढणाऱ्या बायकांचे काम वाफेच्या जिनिंग कारखान्यांनी ओढून नेले. जळगावास मूळजी जेठा यांची गिरणी, पुढे अमळनेरास प्रताप मिल, अशी एकामागून एक धुराडी उभी राहिली. मी या धुराड्यांचा निंदक नाही. त्यांनी पुष्कळांना अन्न दिले. परंतु काम आणि घर यांची फारकत खानदेशात प्रथम त्यांनी केली, आणि कामाच्या वेळा ठरविण्याचा अधिकार घरधन्याकडून भोंग्याकडे गेला, हेही तितकेच खरे.

दाबलेली हवा ही त्याच युगाची निर्मिती होय. थळ आणि बोर घाटातील बोगदे मजुरांनी हातातील पहारी आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर खोदले. पण त्याच वर्षांत युरोपात आल्प्स पर्वताखालील माँ सेनी बोगद्यात दाबलेल्या हवेवर चालणारे छिद्रयंत्र कामाला लागले होते आणि १८७१ मध्ये तो बोगदा वाहतुकीस खुला झाला. हवा दुरून नळाने आणता येते, तिच्यापासून ठिणगी उडत नाही, आणि काम झाल्यावर ती खोदणाऱ्यांच्या श्वासासाठीही उपयोगी पडते, या गुणांमुळे ती खाणीत आणि बोगद्यात मान्य झाली. आपल्याकडे यावलच्या माणसाला तिचे दर्शन घडले असेल ते बहुधा तापीपलीकडे भुसावळास. तेथील लोहमार्गावर विजेची इंजिने आली, तेव्हा त्यांच्या माथ्यावरील विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा हवेच्या दाबाने वर उचलला जातो, आणि टाकीत हवा नसेल तर आधी एक लहानसा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालवून ती भरावी लागते, ही गोष्ट रेल्वेत नोकरीस असलेल्या माणसांना ठाऊक झाली.

यंत्र आणि घर यांच्या नात्याची आणखी एक बाजू येथे पाहिली पाहिजे. याच यावल तालुक्यात, फैजपूर येथे, डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, धनाजी नाना चौधरी यांनी तयारीसाठी जिवाचे रान केले, आणि शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी गावातच मिळणाऱ्या बांबू-लाकडांनी मंडपाची सजावट साधली. अधिवेशनाला जोडून ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते व त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. गांधीजींना यंत्रमात्राचा तिटकारा होता अशी जी समजूत आहे ती या संदर्भात तपासून घ्यावयास हवी. शिवणयंत्राला त्यांनी आपल्या आक्षेपातून स्पष्टपणे वगळले होते, कारण ते यंत्र घरात बसते, घरच्या माणसाच्या हाताखाली राहते आणि त्याचे श्रम वाचविते. मला ही कसोटी फार मोलाची वाटते. यंत्र घरात नांदू शकते की नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच शेजारधर्माचाही आहे.

आणि नेमक्या याच कसोटीला बाजारचा कॉम्प्रेसर उतरत नव्हता. स्वातंत्र्यानंतर देशात ही यंत्रे होऊ लागली. पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली स्थापन झाली. हळूहळू तालुक्याच्या गावी पंक्चर काढणाऱ्याकडे आणि गॅरेजात पट्ट्यावर फिरणारा, टाकीवर बसविलेला कॉम्प्रेसर दिसू लागला. काम त्याने चोख केले. परंतु त्याची हवा ओढणारी तोंडे उघडी, दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला तेथे धक्का, पट्टा फडफडणार, आणि खालची पोकळ टाकी ते सारे धक्के वाढवून जमिनीत आणि भिंतीत सोडणार. रस्त्याकडेच्या गॅरेजात हा गोंगाट खपून जातो. धाब्याच्या घराला धाब्याचे घर लागलेल्या गल्लीत, जेथे पलीकडे म्हातारे माणूस दुपारचे निजलेले असते आणि अलीकडे पोर परीक्षेचा अभ्यास करीत असते, तेथे तो खपत नाही, आणि खपू नये.

याचे उत्तर एका निराळ्याच दिशेने आले. आरंभीच्या घरगुती शीतयंत्रांत मोटार वेगळी आणि पंप वेगळा असे. त्यांना जोडणाऱ्या दांड्याभोवतीच्या फटीतून वायू गळे आणि आवाजही होई. मोटार आणि पंप दोन्ही एकाच पोलादी घुमटात घालून तो घुमट कायमचा बंद करावा, ही कल्पना १९२७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्ध रेफ्रिजरेटरने घरोघरी पोहोचविली. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये रेफ्रिजरेटर बनविण्यास आरंभ केला. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आमच्या खानदेशात त्याला गिऱ्हाईक मिळण्यास उशीर लागला तो केवळ विजेच्या आणि पैशाच्या अभावी. पुढे केळीच्या बागाईतीने रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात शीतगृहे आणि केळी पिकविण्याच्या थंड खोल्या आणल्या, आणि त्यांच्याबरोबर नळ्या जोडणारे, वायू भरणारे, कॉम्प्रेसर बदलणारे जाणते कारागीरही या मुलखात तयार झाले. रेफ्रिजरेटरचे दार गंजते, आतले प्लॅस्टिक तडकते, पण काळ्या रंगाचा तो घुमट बहुधा धडधाकट असतानाच भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन पडतो.

तो कापून आत पाहिले, तर शांततेचे रहस्य कळते. मोटार आणि पंप मिळून झालेला गोळा घुमटाला कोठेही घट्ट खिळलेला नसतो. तो तीन-चार स्प्रिंगांवर टेकलेला किंवा टांगलेला असतो, त्यामुळे त्याची थरथर बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. तळाशी तेल असते आणि फिरता दांडा ते स्वतःच वर खेचून घेतो. दट्ट्या अंगठ्याएवढा, झडपा म्हणजे पोलादाची अतिशय पातळ पाने, आणि हवा ओढण्याच्या वाटेवर आवाज जिरविणारी लहानशी डबी. बाहेर तीन तांब्याच्या नळ्या दिसतात: एक ओढणारी, एक सोडणारी आणि तिसरी कारखान्यात वायू भरण्यापुरती, जी बंद केलेली असते. भात्याच्या कातडी झडपेचे काम येथे पोलादाचे पान करते, आणि वजन ठेवलेल्या वरच्या कप्प्याचे काम टाकी करते. एका मिनिटाला हे यंत्र सुमारे १५ ते २५ लिटर हवा ओढते, म्हणजे गॅरेजातल्या यंत्राच्या मानाने फारच थोडी. मालमोटारीची २५ लिटरांची टाकी कामाच्या दाबाला आणावयास दहा-बारा मिनिटे सहज लागतात. ज्याला दिवसभर मोटारींना रंग मारावयाचा आहे त्याने याच्या वाटेस जाऊ नये. पण सोनार, घड्याळ आणि मोबाइल दुरुस्त करणारा, पाट्या रंगविणारा, शिवणयंत्राची सफाई करणारा, लाकडावर बारीक कोरीव काम करणारा, या सर्वांना याहून अधिक हवा लागत नाही.

ही जुळणी करणाऱ्यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे, कारण यांत चुकीला क्षमा नाही. जुना वायू हवेत सोडू नये. जुन्या रेफ्रिजरेटरांतील वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगाने तो टाकला, आणि अलीकडच्या रेफ्रिजरेटरांतील वायू ज्वालाग्राही आहे. म्हणून तो जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावा व नळ्या ज्योतीने न जाळता कातरीने कापाव्यात. शीतयंत्रात परतणारा थंड वायू मोटारीला गार ठेवतो, बाहेरची हवा ते काम करीत नाही. म्हणून यंत्राला मधून मधून विश्रांती द्यावी. हवेबरोबर थोडे तेल बाहेर जाते, त्यासाठी वाटेत तेल पकडणारे भांडे बसवावे आणि घुमटातील तेल अधूनमधून पुरे करावे. ही मोटार दाबाविरुद्ध सुरू होऊ शकत नाही. म्हणून टाकीकडे जाताना परत न येऊ देणारी झडप, आणि यंत्र थांबताच मधल्या नळीतील दाब सोडून देणारा स्विच, ही दोन्ही हवीत. टाकी मोटारीच्या ब्रेकची असली तरी आतून गंजलेली असू शकते; ती आधी पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला तपासावी, कारण पाण्याने भरलेली टाकी फाटली तर पाणी गळते, आणि हवेने भरलेली फाटली तर माणूस जातो. सुरक्षा-झडप आणि तळाला पाणी सोडण्याची तोटी यांवाचून टाकी वापरू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर टाकी म्हणून कधीही घेऊ नये. तो आपल्या मालकीचा नसतो आणि कायद्यालाही ते मंजूर नाही.

एवढे सांभाळले, म्हणजे ओट्यामागच्या खोलीत वारा पुरविणारे एक यंत्र घराच्या माणसांत बसू शकते. शेजारी तक्रार करीत नाही. आणि घरातील बाई किंवा मुलगा त्याच खोलीत बसून कामात हात घालू शकतो. वाफेच्या युगाने जे काम घराबाहेर नेले होते त्याचा अल्पसा अंश अशा रीतीने पुन्हा घरी आला आहे. तो अल्प आहे म्हणून क्षुल्लक मानणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

यावल, फैजपूर, सावदा, किनगाव या गावांतील वाचकांना शेवटी एक सांगणे आहे. ज्यांच्या घरी किंवा शेजारी भाता, फुंकणी, कागद घोटण्याचा दगड अद्याप पडून असेल त्यांनी तो वजनावर विकण्यापूर्वी त्याची लांबी-रुंदी, कातडे, झडपेची रचना आणि वापरणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक भागाची नावे वहीत उतरवून घ्यावीत, व त्या वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. तसेच जे तरुण आज जुने कॉम्प्रेसर जोडीत आहेत त्यांनी आपल्या जुळणीचा कच्चा नकाशा, टाकी तपासल्याची तारीख आणि दाब कागदावर लिहून यंत्रावरच चिकटवून ठेवावा.